शिजवलेला गाळ

“बाबूमामा, माझी दुसरी बाटली कुठंय?”

“कुठली? घाणीची?”

“गाळाची.”

“तीच की ओ. ती काय टेबलावर. हात लावू नका, भाजंल.”

टेबलावर माझी बाटली उभी होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मानेला ऑटोक्लेव्हची चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टीवरच्या रेघा काळ्याकुट्ट झालेल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा कुकर. त्यात गेलेलं काहीही जिवंत बाहेर येत नाही, येऊ नये म्हणूनच तो असतो. खोलीभर डाळ लागायच्या बेतात आल्यावर येतो तसा वास. खिडकीजवळ माझी पहिली बाटली माशांच्या टाकीच्या पंपाला जोडलेली होती आणि मजेत बुडबुडे सोडत होती. शेजारीण शिजून आल्याचं तिला काही सोयरसुतक नव्हतं.

“कोणी लावली कुकरला?”

“मी लावली. मॅडम म्हणाल्या, लाव. लावली. आता माझं काय चुकलं ते सांगा.”

बाबूमामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पाटगावकर मॅडम म्हणाल्या असत्या तर त्यांनी प्राचार्यांनाही आत बसवून झाकण लावलं असतं.

त्या बाटलीत माझी पुढची दोन वर्षं होती, म्हणून थोडं मागचं सांगते. आमच्या कॉलेजात तेव्हा नवीन जोडपदवी निघाली होती. तीन वर्षं बायोकेमिस्ट्रीची बीएस्सी करायची, पण तिसऱ्या वर्षापासूनच अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत एमटेकच्या पोरांबरोबर पर्यावरण अभियांत्रिकीचे पेपर द्यायचे. ते पेपर दोन्ही पदव्यांना धरायचे आणि सगळा मामला पाच वर्षांत उरकायचा. मला घाई नव्हती. मला दार हवं होतं. बारावीला मी गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, कारण मगदुमांची रोहिणी हुशार आहे म्हणजे ती डॉक्टर होणार असं आमच्या गल्लीनं ठरवून टाकलं होतं. मेडिकलला नंबर लागला नाही, आणि गणित सोडलेल्याला इंजिनिअरिंगवाले फाटकातच उभं करतात. जोडपदवीवाले तेवढे म्हणाले, राहिलेलं गणित इथं करून घ्या आणि आत या. तसं दार गावात दुसरं नव्हतं.

आणि मला इंजिनिअरिंगच हवं होतं, तेही गटाराचं. आमचं गाव मागांचं. घरामागून डाईंगचा नाला जायचा. सकाळी उठलं की आम्ही भावंडं दात घासत आधी नाला बघायचो, आज कुठला रंग. शाळा उघडायच्या आधी खाकी आणि निळा, लग्नसराईत मरून. बाजारात काय खपतंय ते आमच्या गल्लीला दुकानदारांच्या आधी कळायचं. एकदा मी आईला विचारलं, हे पाणी परत पांढरं कोण करतं? आई म्हणाली, “कोण करणार? वाहून जातंय की.” ते उत्तर मला काही पटलं नव्हतं.

तर आता तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर एक संयुक्त तोंडी परीक्षा होती. त्यात दोन सह्या पडल्या तर माझी जागा पक्की. एक जरी राहिली तर गुपचूप बीएस्सी पुरी करायची आणि क्लासमध्ये नववीला विज्ञान शिकवायचं. एक सही बायोकेमिस्ट्रीच्या पाटगावकर मॅडमची, दुसरी पर्यावरणच्या हुक्केरी सरांची. परीक्षा येत्या शनिवारी होती.

मी मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम नेहमीप्रमाणे पांढऱ्याशुभ्र एप्रनमध्ये, टेबलावर कागदाला कागद काटकोनात.

“मॅडम, माझी बाटली...”

“पाहिली. किती घाण झाली होती. माझ्या खोल्यांत असलं चालत नाही, मगदूम.”

“मॅडम, त्यातला गाळ जिवंत होता.”

“होता ना.”

“मग आता सरांना काय सांगू?”

“घडलं ते सांग. घडलेलं सांगायला परवानगी लागत नाही.”

“आणि दुसरी बाटलीही तितकीच घाण आहे, मॅडम. तिला कसं...”

“ऑटोक्लेव्हमध्ये जागा एकीपुरतीच होती,” मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसायला घेतला. म्हणजे भेट संपली. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला. “आणि फेकू नकोस ती. माझ्या विभागात मोजल्याशिवाय काही फेकत नाहीत.”

आता पलीकडच्या इमारतीविषयी. दोन्ही विभागांच्या मध्ये एक अंगण आणि अंगणात एक नळ. भांडण त्या नळावरून सुरू झालं असं बाबूमामा सांगायचे. कोणाच्या बादल्या आधी, यावरून. पुढे ते इतकं वाढलं की हुक्केरी सर आम्हाला ‘बाटलीवाले’ म्हणायचे आणि मॅडम त्यांना ‘गटारवाले’. जोडपदवी कोणाच्या डोक्यातून निघाली हे कोणीच सांगत नसे. बहुधा दोघांनाही न विचारता निघाली असावी.

सर मात्र मोठे उमदे. बेळगावकडचे, आवाज मोठा, पोट त्याहून. कॉलेजच्या मागे त्यांनी स्वतः उभी केलेली टाकी होती. कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांकडून रंगाचं पाणी यायचं, टाकीतल्या गाळात मिसळायचं, खालून हवा सोडली जायची, आणि वरून निवळ पाणी बाहेर. टाकीवर पाटी होती: ‘येथे जिवाणू रंग खातात.’ पाहुणे यायचे, पाटीखाली फोटो काढायचे. टाकीतला जास्तीचा गाळ वाळवून सर खत म्हणून सगळ्या कॉलेजला वाटायचे. दिवाळीला एक पोतं त्यांनी मॅडमनाही धाडलं होतं. सगळ्यांना वाटलं, चला, तह झाला. मॅडमनी ते आपल्या व्हरांड्यातल्या मोगऱ्याच्या कुंड्यांना घालून घेतलं आणि आभाराची चिठ्ठी पाठवली. त्याच सुमारास एकदा कुंड्यांखालच्या पांढऱ्या कट्ट्यावर निळे ओघळ दिसले, तेव्हा बाबूमामांना बोलणी बसली होती.

“एप्रनची नीळ इथं सांडलीस का रे?”

“देवाशप्पथ नाही, मॅडम. मी नीळ त्या नळावर घालतो.”

“मग हे काय आभाळातून पडलं?”

असो. माझा प्रयोग म्हणजे सरांच्या टाकीची लहान आवृत्ती. दोन बाटल्या, दोन्हींत त्यांच्याच टाकीतला गाळ, रोज सारखा रंगाच्या पाण्याचा खुराक. दोन का, तर सरांचा नियम होता की जोडीला जोड जुळली तरच आकडा खरा.

मी टाकीवर गेले. सर कठड्याला टेकून चहा पीत होते.

“या, बाटलीवाल्या! काय म्हणतात आमचे जिवाणू?”

“सर, एका बाटलीतले गेले.”

“गेले म्हणजे? कुणी मारले?”

मॅडमचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण सही दोघांची हवी होती, आणि एकीकडे चुगली करून दुसरीकडे सही मिळत नाही, एवढं तिथं मी शिकले होते. “तापले सर. जास्त तापले.”

“जास्त म्हणजे किती?”

“शिजले.”

सर इतके हसले की चहा सांडला. “अगं, तुमच्या बिल्डिंगीत जिवंत काय टिकतंय का! सगळं धुवायचं, उकळायचं, झाकायचं. मग आता?”

“थोडा नवीन गाळ द्याल का, सर?”

“देतो की. पण तो बाटलीत रुळेपर्यंत शनिवार होऊन जाईल. एका बाटलीवर ये. पण ऐक, मगदूम, एका बाटलीवर मी सही करीनच असं नाही. जोड नाही तर आकडा नाही.”

त्या दुपारी मी शिजवलेली बाटली परत खिडकीत आणून ठेवली, तिला पंप जोडला आणि रोजच्यासारखाच खुराक घातला. यात शहाणपण काही नव्हतं. मॅडमनी मोजल्याशिवाय फेकू नको म्हटलं होतं, आणि दोन बाटल्या बुडबुडे सोडताना बघितल्या की मला बरं वाटायचं, एवढंच. मेलेल्यापुढे ताट ठेवतात, तसं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद करून गाळ खाली बसू दिला. जिवंत बाटलीतलं निळं पाणी निवळलं होतं. मेलेल्या बाटलीतलंही.

मला वाटलं मी बाटल्यांची अदलाबदल केली. मानेची पट्टी बघितली. मग वाटलं, शिजताना एखादा वाचला असेल. मॅडमकडच्या जिवाणू उगवायच्या ताटल्यांत थेंब पसरून ठेवला. त्यात काहीच उगवलं नाही. पुन्हा खुराक घातला, पुन्हा निवळलं. रंग मोजायच्या कलरीमीटरवर दोन्हींचे आकडे जुळ्या बहिणींसारखे. फरक निघाला तो दुसरीकडे. त्या पाण्यात रंगाबरोबर सुताची कांजीही असते. जिवंत बाटलीतली कांजी साफ संपली होती. मेलेल्या बाटलीत होती तशी होती. म्हणजे जिवाणू जेवत होते, पण कांजी. रंग ते ताटाच्या कडेला काढून ठेवत होते, पोरं पोह्यांतला कढीपत्ता काढतात तसा. आणि तो नुसता गाळाला चिकटून बसत होता. गाळ जिवंत असो की मेलेला, चिकटायला काय लागतं?

आधी मला फार आनंद झाला. मग टाकीवरची पाटी आठवली आणि मी उठून मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही.

“उकळलेल्या एन्झाइमनं साखर तुटली, तर तू काय म्हणशील, मगदूम?”

“म्हणेन की ते एन्झाइमचं काम नव्हे.”

“पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. पुढे?”

“पुढे काय मॅडम, सरांच्या तोंडावर हे कसं सांगू? सही जाईल.”

“मग नको सांगू. जिवंत बाटली ने, सरांचा आकडा सरांना दाखव. खोटं काही नाही त्यात.”

“आणि तुमची सही?”

“माझी कुठल्याही बाटलीवर आहे. हुक्केरींचं मला सांगता येणार नाही.”

घरी आप्पांना सांगितलं. आप्पा मागांचे जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करणारे. जेवता जेवता त्यांनी विचारलं, “सर रागावले तर?”

“तर बीएस्सी.”

“मग बीएस्सी काय वाईट असतंय?”

“वाईट नाही. नाला तसाच राहतो.”

आप्पांनी आईकडे बघितलं. आईनं त्यांना भात वाढला. त्या विषयावर आमच्या घरात तेवढीच चर्चा झाली.

शनिवारी मी दोन्ही बाटल्या घेऊन गेले. ठरवून नेल्या असं म्हणायला मला आवडेल, पण खरं तर निघताना एकच पिशवीत ठेवली होती. अंगणात नळापाशी पोचले, थांबले, आणि माघारी जाऊन दुसरी आणली. बाबूमामा पायरीवर होते. “दोन्ही नेताय? मेलेली पण?”

“मेलेली पण.”

“मग रिक्षात नीट धरा.”

“समोरच तर जायचंय, मामा.”

“तरी पण.”

खोलीत सर, मॅडम आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. ते परीक्षक बिचारे दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले होते, कुंपणावर बसावं तसे. मी जिवंत बाटलीचे आकडे सांगितले. सर मान डोलवत होते. मग मी म्हणाले, “ही दुसरी बाटली. हिच्यातला गाळ ऑटोक्लेव्हमध्ये मेला. हिनंही रंग तेवढाच काढला.”

सरांची मान थांबली.

“कसं शक्य आहे? चूक असणार.”

“तीनदा केलं, सर.”

“मग जिवाणू पुरते मेले नसतील.”

“ताटलीत काही उगवलं नाही, सर. आणि कांजी तशीच आहे. जिवंत असते तर आधी कांजी खाल्ली असती.”

“मगदूम!” सरांचा आवाज खोलीत मावेना. “दहा वर्षं टाकी चालतीय माझी. रंग खाल्ला नाही म्हणतीस, तर मग तो आहे कुठं? खिशात घातला जिवाणूंनी? आहे तर दाखव. उगाच थापा नकोत.”

मी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मी जिवंत बाटलीच्या तळातला गाळ चमचाभर परीक्षानळीत घेतला. मुद्दाम जिवंत बाटलीतला. सरांच्या टाकीतला म्हणा हवं तर. त्यात कॉस्टिकचं, म्हणजे जहाल खाराचं, पाणी घातलं, अंगठ्याएवढं बूच लावून हलवलं आणि नळी स्टँडवर उभी केली. आम्ही चौघं त्या नळीकडे बघत बसलो. गाळ हळूहळू खाली गेला. वर राहिलेलं पाणी निळं झालं होतं. शाळेच्या गणवेशाचा निळा, आमच्या नाल्यातला जूनमधला.

परीक्षकांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली. शहाणा माणूस.

सरांनी नळी उचलली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. त्यांची पाठ आमच्याकडे होती. एवढ्या मोठ्या माणसाची पाठ अशी बारीक दिसू शकते हे मला माहीत नव्हतं. मी मनात नववीचं विज्ञान शिकवायला सुरुवात केली होती. पेशीचे भाग, पहिला धडा.

“मॅडम,” सर न वळता म्हणाले, “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“मला बाई गटारातलं काय कळतंय, सर.”

सर वळले. मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हा गाळ मी बागेत घातलाय,” ते म्हणाले. मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “अख्ख्या कॉलेजच्या बागेत. गावातल्या लोकांनी मागून नेला, त्यांनाही दिला.” मग ते खुर्चीत बसले. “सही कुठं करायची?”

मी कागद पुढे केला. पेन त्यांच्याच खिशात होतं, तरी त्यांनी माझं घेतलं.

“फुकट नाही करत,” सही करता करता म्हणाले. “रंग चिकटवून काय उपयोग नाही, तोडायचा कसा ते शोधायला लागेल. हा घोळ तूच घातलायस, तूच निस्तर. सोमवारी टाकीवर ये. आणि येताना त्या बाबूला घेऊन ये, पाटी उतरवायला शिडी धरावी लागेल.”

मॅडमनी त्यांच्या सहीखाली आपली सही केली, काटकोनात.

पुढची दोन वर्षं सरांनी मला घामाघूम केलं. टाकीत आधी हवा बंद ठेवायची, मग सोडायची. हवा नसताना वेगळ्या जातीचे जिवाणू रंगाची साखळी तोडतात, हे आम्हाला हळूहळू जमलं. त्यावर माझी पदवी झाली, आणि आज गावच्या सामाईक प्रक्रिया केंद्रावर जी माझी खुर्ची आहे तीही त्यावरच. नाला अजून अधूनमधून रंगतो. पण आता गल्लीतली पोरं रंग दिसला की मला फोन करतात, हेही काही कमी नाही. सरांचा उपकार मी कायम मानत आले. स्वतःची पाटी स्वतःच्या हातानं उतरवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मॅडमचं खातं मात्र माझ्याकडे उघडंच राहिलं होतं. कारण एमटेकला असताना एकदा बाबूमामा रजेवर होते आणि ऑटोक्लेव्ह मला स्वतःला लावावा लागला. तोवर तो मी कधी उघडून पाहिला नव्हता. झाकण काढलं, आत बघितलं. माझ्या बाटल्यांसारख्या चार सहज बसल्या असत्या. आणि मला तो कट्टा आठवला, सरांचं खत घातलेल्या मोगऱ्याच्या कुंड्यांखालचे निळे ओघळ आठवले, आणि बाबूमामांची खरी असलेली शपथ.

मी तेव्हा काही विचारलं नाही. विचारलं ते मागच्या वर्षी. मॅडम निवृत्त होऊन कोल्हापुरात मुलीजवळ राहतात, गॅलरीत कुंड्या आहेत. मी गेले तेव्हा झारी हातात होती.

“मॅडम, ऑटोक्लेव्हमध्ये जागा चौघींची होती.”

“उशीर केलास विचारायला.”

“तुम्हीच का नाही सांगितलंत सरांना? ओघळ दिसले त्याच दिवशी?”

“मी सांगितलं असतं तर ते नळाचं भांडण झालं असतं. बाटलीवाली बाई जळते म्हणाले असते.” त्यांनी पुढच्या कुंडीला पाणी घातलं. “तुझ्याकडे बाटल्या दोन होत्या. त्यांच्याच टाकीतल्या गाळाच्या.”

“माझी जागा गेली असती, मॅडम.”

“गेली असती.”

एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा, पण तो इतक्या वर्षांत शिळा झाला होता. “बरं, त्या दिवशी मी एकच बाटली नेली असती तर? जिवंत तेवढी? सर खूश, तुमची सही तर होतीच म्हणालात, कुठल्याही बाटलीवर.”

मॅडमनी झारी खाली ठेवली आणि कुंडीखालची ताटली उचलून उजेडात धरली, हुक्केरी सरांनी नळी धरली होती तशी. साठलेलं पाणी तिरपं करून नीट बघितलं.

“म्हणाले होते मी,” त्या म्हणाल्या. “सही केली नसती.”